घोडा माणसाळला कुठे? कझाकस्तानच्या उत्तरेतली भटकंती

सोमवार, अल्माटी

दिल्लीहून अल्माटी साडेतीन तासांच्या आत येतं. भारतीय पासपोर्टवर चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे शिक्का मारून घेतला आणि जेवणाच्या वेळेला आम्ही मामा-भाची हिरव्या बाजारात हजर. भाची पुण्यात पुरातत्त्व शिकते, त्यातही प्राण्यांची हाडं हा तिचा विषय. मी पशुवैद्य, आता निवृत्त. हयात गाई-म्हशींत गेली, पण सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फेरी मारून जनावराचे ओठ उचलून वय सांगणं हा माझा आवडता उद्योग. उत्तर कझाकस्तानातल्या बोताई या पाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीला जायचं तिच्या डोक्यात होतं. घोडा पहिल्यांदा तिथेच माणसाळला का, यावर शास्त्रज्ञांत भांडण आहे. दातांचा वाद आहे म्हणाली, मग मी कशाला मागे राहतोय!

हिरव्या बाजाराच्या मांसाच्या दालनात गाय, मेंढी आणि घोडा यांचे ओटे वेगवेगळे. घोड्याच्या ओट्यावर 'काझी' लटकलेली असते, म्हणजे बरगडीवरचं मांस चरबीसकट, लसूण-मिरी लावून घोड्याच्याच आतड्यात भरलेलं. मनगटाएवढी जाड वेटोळी. विकणाऱ्या बाई अगत्याच्या, चाखायला चकती पुढे करत होत्या. भाची शाकाहारी, तरी तिथून हलेना. बरगडी मांसापासून सोडवताना सुरी नेमकी कुठे लागते, ते तिला बघायचं होतं. त्या बाईंनी एक बरगडी उलटी करून दाखवली. आतल्या अंगाला, मणक्याच्या सांध्यापासून चार बोटांवर, तिरप्या बारीक रेघा. पाच हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर असल्याच रेघा भिंगातून शोधत बसायचं, हा या पोरीचा पुढचा जन्मभराचा धंदा.

मी काझी खाल्ली. चरबीची चव गोडसर असते. याहून जास्त लिहीत नाही, घरी वाचतील.

मंगळवार, अस्ताना

राष्ट्रीय संग्रहालय अवाढव्य आहे आणि निम्मं नुसतं झगमगाट. पण सोन्याचं दालन चुकवू नये. इस्सिकच्या कुर्गानात, म्हणजे थडग्यावर रचलेल्या टेकाडात, सापडलेला 'सुवर्णपुरुष' सगळे बघतात. आम्ही आलो होतो बेरेलच्या घोड्यांसाठी. अल्ताई पर्वतात, चीन-रशियाच्या सीमेजवळ बेरेल नावाची जागा आहे. तिथल्या थडग्यांखालची जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे लाकूड, कातडं, केस, सगळं टिकलं. झैनोल्ला समाशेव यांच्या पथकाने १९९८-९९ मध्ये ११ क्रमांकाचं कुर्गान उकरलं, तर सरदाराच्या शेजारी तेरा घोडे. पुरे सजवलेले, खोगिरासकट, लाकडी कोरीव पदकं सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, आणि काहींच्या डोक्यावर रानबोकडाची मोठाली शिंगं लावलेले मुखवटे. घोड्याला बोकडाची शिंगं! मेलेल्या धन्याला घेऊन जाणारं जनावर साधं घोडं कसं असेल, असा काहीतरी हिशोब असावा.

इथे भाचीने मला विदर्भाची आठवण करून दिली. नागपूरजवळच्या महुरझरीला शिळावर्तुळांखाली घोडे पुरलेले सापडले, डोक्यावर बांधायचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम-कड्यांसकट. तेही इ.स.पू. पहिल्या सहस्रकातलेच. अल्ताई ते नागपूर थेट संबंध कोणी जोडू नये, पण धन्याबरोबर सजवलेला घोडा पुरायची कल्पना किती लांब पोचली होती ते दिसतं. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं. तांब्याचा तो मुखपट्टा काचेआड ठेवून वर दिवा सोडला असता तर महाराष्ट्रातली निम्मी शाळकरी पोरं बघून आली असती.

बेरेलचे घोडे मात्र आमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. इ.स.पू. चौथं-तिसरं शतक म्हणजे घोड्याच्या कहाणीत फार उशिराची गोष्ट. तोवर घोड्यावर बसून लढायला शिकून माणसाला कित्येक शतकं झाली होती. सुरुवात त्याच्याही तीन हजार वर्षं मागे आहे, आणि ती कुठे आहे यावरच भांडण.

बुधवार, रेल्वेत

अस्ताना ते कोक्शेताउ, तीनशे किलोमीटरच्या आसपास. खिडकीबाहेर गवत, मग बर्च झाडांचे पुंजके, मग परत गवत. वाटेत बुराबायचे डोंगर-तळी लागतात, लोक तिथे सुट्टीला उतरतात. आम्ही उतरलो नाही.

डब्यात भाचीने देरेइव्काची गोष्ट सांगितली. युक्रेनमध्ये, द्नीपर नदीच्या काठी, दिमित्री तेलेगिन यांनी १९६० च्या दशकात देरेइव्काची वस्ती खणली. तिथे एका वळूघोड्याची कवटी मिळाली. पुढे डेव्हिड अँथनी आणि डॉर्कस ब्राऊन या अमेरिकन जोडप्याने त्याच्या दाढा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. लगामाचं कडं तोंडात असलेला घोडा ते जिभेने मागे ढकलून दाढांत चावत राहतो, त्यामुळे खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेची पुढची कड उतरती झिजते. देरेइव्काच्या घोड्याची तशी झिजलेली होती. झालं, जगातला पहिला स्वारीचा घोडा सापडला असं सगळीकडे छापून आलं. नंतर त्याच हाडाचं कार्बनने वय काढलं तर ते निघालं इ.स.पू. ७०० ते २०० मधलं. म्हणजे कुणीतरी तीन हजार वर्षांनी त्या जुन्या वस्तीत खड्डा करून घोडा पुरला होता. लगाम खरा, काळ खोटा. अँथनींनी स्वतःच ते जाहीर केलं, हे मला त्यांच्या बाजूने फार मोठं वाटतं.

गुरुवार, बोताई

कोक्शेताउहून गाडी ठरवली. चालक पन्नाशीचा, रशियन बोलणारा कझाक, मागच्या खिडकीला मुलाच्या शर्यतीच्या घोड्याचा फोटो चिकटवलेला. साउमालकोलपर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे अयिरताऊ तालुक्यातल्या निकोल्स्कोये गावाकडे जाताना कंबर मोजून घेतो. गावापासून थोडं पुढे इमान-बुर्लुक नदी. पात्र आपल्या ओढ्याएवढंच, काठाला झुडपं, आणि उजवीकडे नदीच्या अंगाला उतरत गेलेलं मोकळं गवताळ पठार. हेच बोताई.

बघायला काय आहे, तर जवळजवळ काही नाही. गवतात उथळ खळगे, एकाला लागून एक, रांगेने. दीडशेहून जास्त घरं होती इथे. जमिनीत खणून निम्मी खाली बसवलेली, उकरलेल्या चिकणमातीच्याच भिंती वर चढवलेल्या. जिथे उत्खनन झालं नाही तिथे पावसाचं पाणी साठून गवत जास्त हिरवं उगवतं, त्यामुळे उन्हाळ्यात ती घरं नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. भाची एका खळग्याच्या काठावर बसली आणि तासभर उठली नाही.

१९८० मध्ये विक्टर झायबर्ट यांना ही जागा सापडली. तेव्हापासून इथून तीन लाखांच्या घरात हाडं निघाली आणि त्यातली नव्याण्णव टक्क्यांहून जास्त एकाच प्राण्याची, घोड्याची. काळ इ.स.पू. ३७०० ते ३१००. गाय नाही, मेंढी नाही, शेती नाही. त्याआधी या भागातले लोक लहान टोळ्यांनी फिरत मिळेल ती शिकार करायचे. मग अचानक शे-दीडशे घरांची गावं उभी राहिली आणि जेवणात घोडा, घोडा आणि घोडा. एवढी मोठी वस्ती एका जागी बसून, फक्त रानातल्या घोड्यांची शिकार करून जगेल का? वादाची सुरुवात या साध्या प्रश्नातून आहे.

माझ्यासारख्या माणसाला आधी सुचतं ते हाडांचं वजन. रानात लांब मारलेल्या घोड्याचा कणा आणि माकडहाड कुणी पाठीवर वाहून आणत नाही. मांड्या-फऱ्या तोडून आणायच्या, बाकीचं तिथेच गिधाडांना. बोताईत मात्र सगळा सांगाडा मिळतो, जड मणक्यांसकट. म्हणजे घोडा घराजवळ मारला गेला, किंवा आणायला दुसरा घोडा होता. क्रास्नी यार नावाच्या बोताई लोकांच्याच दुसऱ्या वस्तीत सँड्रा ओल्सेन यांना खांबांच्या खड्ड्यांनी वेढलेला आवार सापडला आणि त्या आवारातल्या मातीत फॉस्फेट जास्त निघालं. कुठल्याही गोठ्याची जमीन तपासा, असंच निघेल.

मग २००९ मध्ये अ‍ॅलन आउट्रम आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यात तीन पुरावे एकत्र होते. पायाची हाडं रानटी घोड्यांपेक्षा सडपातळ, पाळीव घोड्यांच्या जवळची. दाढांवर आणि जबड्यावर लगामाच्या खुणा. आणि मातीच्या भांड्यांत मुरलेल्या चरबीत घोडीच्या दुधाचा अंश. हा तिसरा पुरावा चतुर आहे. या प्रदेशात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पडणाऱ्या पाण्यातल्या हायड्रोजनचं रूप वेगळं असतं. मांसाच्या चरबीत वर्षभराचं मिश्रण येतं, दूध मात्र उन्हाळ्यातलंच, कारण घोडी वसंतात विते. भांड्यातल्या काही चरबीवर स्पष्ट उन्हाळ्याची छाप होती. रानटी घोडी कुणाला दूध काढू देणार? जगभर मथळे झळकले की घोडा कझाकस्तानात माणसाळला.

हे इतकं पक्कं वाटत असताना त्याला एकेक तडा जात गेला. आधीपासूनच मार्शा लेव्हिन म्हणत होत्या की मारलेल्या घोड्यांची वयं बघा, सगळ्या वयाची जनावरं आहेत. पाळणारा माणूस जादाचे नर कोवळे असताना कापतो आणि माद्या राखतो. कळपच्या कळप हाकून मारणारा शिकारी मात्र जे सापडेल ते मारतो. मग २०२१ मध्ये विल्यम टेलर आणि क्रिस्टिना बॅरॉन-ऑर्टिझ यांनी अमेरिकेतल्या हिमयुगातल्या घोड्यांच्या दाढा काढून दाखवल्या. त्या घोड्यांच्या तोंडात लगाम जाणं शक्यच नव्हतं, माणूस त्यांना खात होता एवढंच. तरी दाढांवर बोताईसारखीच झीज, तसाच दंतवल्काचा पट्टा. त्याच वर्षी बोताईच्या दोन माणसांच्या दातांवरचं किटण तपासलं गेलं. त्यात दुधाची प्रथिनं मिळाली नाहीत.

या दातांबद्दल मला बोलायचा हक्क आहे. घोड्याची दाढ जन्मभर वर येत राहते आणि घासत राहते. वरचा-खालचा जबडा नीट जुळला नाही तर पहिल्या दाढेवर कड येते, टोक येतं, पुढचा कोपरा झिजतो, लगाम आयुष्यात बघितला नसला तरी. शेतकऱ्याकडचं शेपटीला हात न लावू देणारं तट्टूसुद्धा मी अशा दाढांचं पाहिलेलं आहे. त्यामुळे टेलर यांची शंका मला रास्त वाटते. पण म्हणून बोताईच्या लोकांनी घोडे राखले नाहीत, हे त्यातून निघत नाही. बकरी पाळायला लगाम लागतो का? लगामाशिवाय पाळणं होत नाही असं मानणारी मंडळी घोड्याकडे फक्त स्वारीचं जनावर म्हणून बघतात.

एक वस्तू या जागेची खूण आहे. घोड्याच्या खालच्या जबड्याचं हाड, खाचा पाडलेलं, आणि त्या खाचा घासून घासून आरशासारख्या झालेल्या. ओलं कातडं त्यातून ओढून वादी गुळगुळीत करायची ही जुनी रीत. बोताईत अशी अवजारं ढिगाने मिळाली. एवढ्या वाद्या कशाला लागत होत्या? फास, दावण, सामान बांधणं, घराचे वासे आवळणं, काहीही असू शकतं. भाचीच्या फोनवरच्या फोटोत ती खाच बघताना मला पागेतल्या त्या दगडी खुंट्यांची आठवण झाली, ज्यांना वर्षानुवर्षं दोराने कंगोरा पाडलेला असतो.

पुरातत्त्वज्ञांनी इथे बोताई घराची प्रतिकृतीही उभारली होती. आत वाकून जावं लागतं. छप्पर जड, वर एक धूर जायचं भोक, भिंतीचा गारवा दुपारी सुखाचा. जानेवारीत इथे पारा उणे तीसच्या खाली जातो, तेव्हा त्याच भिंती जीव वाचवत असतील. बाहेर डास मात्र असे की आल्या पावली गाडीत.

शुक्रवार, निकोल्स्कोये

गावात एका कुटुंबाने राहायला जागा दिली. घरच्या आजी पहाटे घोडी पिळायला निघाल्या, मी मागोमाग. आयुष्यभर दूध काढणं बघितलेल्या माणसाला इथे नव्याने शिकावं लागतं.

शिंगरं एका दोरीला ओळीने बांधलेली. घोड्या मोकळ्या चरत, पण शिंगरू सोडून लांब जात नाहीत, हीच सगळी युक्ती. एक शिंगरू सोडलं की त्याची आई आपोआप येते. ते दोन-चार घोट चोखतं, पान्हा सुटतो, लगेच त्याला बाजूला ओढून आईच्या मानेशी धरायचं आणि दुसऱ्याने पिळायचं. आजी एक गुडघा जमिनीवर टेकून, दुसऱ्यावर बादली तोलून, एक हात घोडीच्या मागच्या पायामागून घालून पिळत होत्या. घोडीला दोनच सड, कास लहान, दूध साठत नाही. म्हणून दर दोनेक तासाला काढावं लागतं, दिवसातून पाच-सहा वेळा. एका वेळेला एखादा लिटर. म्हशीच्या धारेला चटावलेल्या डोळ्यांना ती बादली रिकामीच वाटते.

हे बघितल्यावर बोताईच्या भांड्यांचा विचार वेगळा होतो. घोडीचं दूध हे चुकूनमाकून मिळणारं नाही. त्यासाठी शिंगरं पकडून बांधावी लागतात, घोडीला माणसाच्या हाताची सवय लागते, आणि कुणीतरी सगळा उन्हाळा त्यांच्याभोवती राहावं लागतं. भांड्यातली ती उन्हाळी चरबी खरोखर दुधाची असेल तर बोताईला पाळीव घोडे होते, एवढं मी पशुवैद्य म्हणून छातीठोकपणे सांगेन. भाचीचं म्हणणं, 'मामा, असेल तर. तू पहिला शब्द विसरतोस.' मग दोनच माणसांच्या दातांवरून अख्ख्या गावाने दूध प्यायलं नाही असं ठरवणंही तितकंच कच्चं, हे तिला कबूल करावं लागलं.

दुसरा पुरावा आजींनी हसत हसत दिला. हिवाळ्यात गाईला गोठ्यात वैरण घालावी लागते, बर्फावर कडक पापुद्रा आला की गाय तोंडाने तो फोडू शकत नाही, उपाशी मरते. घोडा खुराने बर्फ खणून खालचं गवत खातो. मेंढ्या त्याच्या मागून जातात, उकरलेल्या जागी चरतात. म्हणजे या प्रदेशात हिवाळ्यासाठी राखायचं मांस म्हणून घोड्याला तोड नाही. गोठा नको, गंजी नको, बर्फात स्वतःचं पोट भरून जिवंत राहणारं अन्न. घोडा आधी खाल्ला गेला आणि मग त्यावर बसलं गेलं, हा क्रम इथे उभं राहिलं की पटतो. आपल्या डोक्यात घोडा म्हटलं की शिलेदार-बारगीर, भीमथडीची तट्टं, चौलच्या आणि गोव्याच्या बंदरात उतरवलेले महागडे अरबी घोडे. आपल्याकडे तो नेहमी विकत आणायचा, मिरवायचा, लढाईचा प्राणी राहिला. इथे तो दारचं धान्य.

कुमिस प्यायलो. आंबवलेलं घोडीचं दूध, ताकाहून पातळ, धुराचा वास, जिभेवर चुरचुरतं आणि किंचित चढतं. भाचीने दुसरी वाटी घेतली आणि दुपारी गवतावर आडवी झाली.

शनिवार, इशिम नदीकाठी

उत्तरेला पेत्रोपाव्लच्या दिशेने निघालो. इशिमच्या काठी पेत्रोव्का नावाचं गाव आहे, त्यावरून एका संस्कृतीला नाव मिळालं. काळ बोताईच्या हजारेक वर्षं नंतरचा, इ.स.पू. २००० च्या सुमाराचा. गेन्नादी झ्दानोविच यांनी इथलं काम केलं. सीमेपलीकडे, रशियातल्या चेल्याबिन्स्क भागात सिंताश्ता आणि अर्काइम ही याच नातलगांची ठिकाणं. त्या थडग्यांत जगातले सर्वांत जुने आऱ्यांच्या चाकांचे रथ आहेत. लाकूड कुजून गेलं, पण चाकं खाली रुतवायला खणलेल्या खाचा आणि मातीत उमटलेले आऱ्यांचे ठसे राहिले. शेजारी घोड्यांच्या कवट्या, आणि हाडाच्या चकत्या, आतून टोकं काढलेल्या. त्या ओठाच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या. लगाम ओढला की टोकं गालात रुततात आणि जनावर वळतं. अशा चकतीपुढे दातांचा वाद संपतो. इथे घोडा ताब्यात होता, याला आणखी साक्षीदार नको.

दायमाबादचा काशाचा रथ आठवला. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात सापडलेला, त्यावर उभा माणूस, पुढे जोडी. पण जोडी बैलांची. गोदावरीच्या खोऱ्यात रथ होता आणि घोडा अजून यायचा होता.

आता डीएनएची गोष्ट. २०१८ मध्ये बोताईच्या घोड्यांचे जनुक वाचले गेले आणि सगळे थक्क झाले. आजच्या घोड्यांत त्यांचा वाटा तीन टक्क्यांहून कमी. आपली मारवाडी, काठियावाडी, भीमथडी, अरबी, सगळी जात-जमात बोताईची लेकरं नाहीतच. बोताईच्या घोड्यांचे खरे जवळचे म्हणजे प्रझेवाल्स्की घोडे, ज्यांना जग आजवर शेवटचे खरे रानटी घोडे म्हणत आलं होतं. मग फ्रान्समधल्या तुलूझच्या लुडोविक ऑर्लांडो यांच्या गटाने २०२१ मध्ये २७३ प्राचीन घोड्यांचे जनुक तपासले आणि आजच्या घोड्यांचं मूळ गाव सापडलं. व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत, बोताईपासून पश्चिमेला लांब. २०२४ च्या पुढच्या कामात काळही घट्ट झाला. इ.स.पू. २२०० च्या सुमाराला घोड्यांच्या दोन पिढ्यांमधलं अंतर एकदम निम्म्यावर आलं. म्हणजे माणूस घोड्या लवकर लावू लागला, पैदास हाताने करू लागला. काही शतकांत ही एक जात चीनपासून युरोपपर्यंत पसरली आणि वाटेतल्या स्थानिक घोड्यांना तिने पुसून टाकलं. निवड कशाची झाली हेही जनुकांत दिसतं. एक जनुक स्वभाव शांत होण्याशी जोडलं जातं, दुसरं पाठीच्या आणि शरीराच्या ठेवणीशी. तापट नसलेलं, पाठ न दुखणारं घोडं. कुठल्याही मेळ्यात गिऱ्हाईक अजून हेच मागतं.

त्याच कामात बोताईचीही एक नोंद आहे आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यात मोलाची. बोताईच्या घोड्यांतही पिढ्यांमधलं अंतर बोताईच्या काळात आकसलेलं दिसलं. दात काहीही म्हणोत, तिथे पैदाशीवर कुणाचा तरी हात होता. म्हणजे घोडा किमान दोनदा माणसाळला. एकदा इथे, पोटासाठी, आणि तो धागा तुटला. दुसऱ्यांदा पश्चिमेला, पाठीसाठी आणि रथासाठी, आणि तोच जगभर गेला. घोड्यांच्या टापांवर सगळी आर्यभाषक मंडळी युरोपात घुसली, ही लहानपणापासून ऐकलेली कहाणीही यात ढासळते. यमनाया लोक, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले पशुपालक, इ.स.पू. ३००० च्या सुमाराला युरोपात पसरले तेव्हा हा घोडा त्यांच्याबरोबर गेलेला दिसत नाही. तो सातआठशे वर्षांनी निघाला.

चालकाला हे सगळं भाचीने भाषांतराच्या अ‍ॅपवरून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मुलाच्या घोड्याच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि तो घोडा कझाकच आहे असं ठणकावून सांगितलं. विषय संपला.

मंगळवार, अल्तिन-एमेल

रविवार-सोमवार प्रवासातच गेले. अल्माटीहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास बास्शी गाव, तिथे परवाना आणि वाटाड्या घेऊन अल्तिन-एमेल राष्ट्रीय उद्यानात शिरायचं. लोक इथे गाणाऱ्या वाळूच्या टेकडीसाठी येतात. आम्हाला प्रझेवाल्स्की बघायचे होते. २००३ मध्ये म्युनिकच्या प्राणिसंग्रहालयातून आणून ते इथे सोडले गेले. सकाळभर दिसले ते कुलान, रानगाढवं, धुळीचा लोट उडवत समांतर धावणारी. दुपारी वाटाड्याने दुर्बीण दिली.

ठेंगणे, छाती भरलेली, रंग वाळक्या गवताचा, तोंडाकडे पांढरट. आयाळ आखूड आणि ताठ उभी, कपाळावर झुलूप नाही. पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ, पायांवर पुसट पट्टे. डोकं अंगाच्या मानाने मोठं. सारंगखेड्यात असं जनावर आणलं तर कुणी फुकट घेणार नाही. एक वळू बाकीच्यांपासून जरा लांब उभा राहून आमच्याकडेच बघत होता.

१८७८ मध्ये रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्कीला या घोड्याची कवटी आणि कातडं मिळालं, १८८१ मध्ये शास्त्रीय नोंद झाली. रानात शेवटचा १९६९ मध्ये मंगोलियात दिसला. आज जगात जेवढे आहेत ते सगळे रानातून पकडलेल्या जेमतेम डझनभर घोड्यांच्या वंशातले. गुणसूत्रं ६६, आपल्या घोड्याची ६४. तरी दोघांचा संकर होतो आणि संततीला पुढे पिल्लंही होतात, खेचरासारखी ती वांझ राहत नाही. २०२४ च्या जूनमध्ये प्राग आणि बर्लिनहून विमानाने सात घोडे आणून मध्य कझाकस्तानच्या तोर्गाय गवताळ प्रदेशात ठेवले. चेक हवाई दलाच्या विमानात घोडी उभी राहून आली, हे वाटाड्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

भांडण इथेच पेटलं. २०१८ च्या अभ्यासाप्रमाणे हे बोताईच्या पाळीव घोड्यांचे सुटलेले वंशज असतील, तर जगात रानटी घोडा एकही उरलेला नाही. टेलर यांचा पक्ष धरला तर बोताईचे घोडेच रानटी होते, त्यांना नुसतं मारून खाल्लं गेलं, आणि हे समोरचे खरोखरच कधी कुणाच्या हाताखाली आले नाहीत. भाची टेलरकडे झुकते. मी पिढ्यांच्या अंतराकडे बोट दाखवतो. वाटाड्याला दोन्ही बाजू सांगितल्या तर तो म्हणाला, जवळ गेलात तर हा लाथ मारतो, आणि कधी पाळला असेल तर विसरला असेल.

परतीच्या विमानात तिने ठरवलं की महुरझरीच्या घोड्यांच्या दाढा भिंगाखाली बघायच्या. तिथे थडग्यात लोखंडी लगाम आहे, म्हणजे लगामाची झीज नक्की कशी दिसते याचा तो खात्रीचा नमुना, त्याच्याशी बोताईचा ताळा करता येईल. कल्पना चांगली आहे. जुने दात संग्रहात कुठल्या खोक्यात आहेत, ते शोधायला परवानगीचे अर्ज आतापासून सुरू. मे महिन्यात नागपूरला मी येणार नाही, एवढं मात्र तिला सांगून ठेवलंय.